ही भूक नाही

मानवजातीच्या इतिहासात स्वतःची भूक आणि स्वतःचं दुःख यांतला फरक माणसाला पहिल्यांदा निःसंशयपणे कळला तो सन २०४१ च्या मार्च महिन्यात, सांगलीत. हा मान पाटबंधारे खात्यातले मुख्य लिपिक रणजित चौगुले यांना मिळाला. दुपारचे सव्वाचार वाजले होते. ते कार्यालयासमोरच्या हातगाडीपुढे उभे होते, कढईत कांदाभजी फुलत होती, आणि त्यांच्या उजव्या कानात बातम्या देणाऱ्या बाईसारखा एक शांत आवाज म्हणाला, "ही भूक नाही. हा कंटाळा आहे. आपण दहा मिनिटं चालावं."

चौगुल्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि एक प्लेट भजी सांगितली.

दुसऱ्या भज्याला त्यांना गटाराकडे धावावं लागलं. इतिहासाबद्दलचं वाक्य कंपनीच्या पत्रकातलं होतं आणि जिल्ह्यातल्या चाळीसही रुग्णांना ते तेवढ्याच गांभीर्यानं पाठवलं गेलं होतं, हेही इथं सांगितलेलं बरं.

दोन महिन्यांपूर्वी, जानेवारीत, चौगुल्यांचं वजन एकशे एकतीस किलो होतं. साखर वाढली होती, गुडघे बोलत होते आणि झोपेत श्वास असा अडकायचा की त्यांची बायको वृषाली जागी राहून तो परत सुरू व्हायची वाट बघायची. शेवटी तीच त्यांना मिरजेला डॉ. पटवेगार बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कागदावर भरताच्या वांग्यासारखं एक पोट काढलं आणि त्यावर उभी रेघ मारली.

"हे एवढं काढून टाकायचं. राहील ते केळ्याएवढं."

"आणि भूक?"

"ती या वरच्या फुगीर भागात तयार होते. घ्रेलिन नावाचं संप्रेरक आहे, ते रक्तातून जाऊन मेंदूला सांगतं, जेवायची वेळ झाली. कारखानाच काढला की माल बंद. निदान वर्षभर तरी तुम्हाला खरी भूक जवळजवळ लागणार नाही."

"म्हणजे खावंसं वाटणार नाही?"

"भूक लागणार नाही, असं म्हटलं मी. खावंसं वाटेल. ते वेगळं. आम्ही पोट कापतो. खावंसं वाटणं कुठं असतं, ते कापण्याइतकं नक्की अजून कुणाला सापडलेलं नाही."

त्यासाठी दाणा होता. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण दवाखान्यात सगळे दाणाच म्हणत, कारण तो तांदळाच्या दाण्याएवढा होता. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस येते, तिला व्हेगस म्हणतात. पूर्वी लोकांची समजूत होती की वरून साहेब हुकूम सोडतात आणि खाली पोट ऐकतं. प्रत्यक्षात त्या नसेतल्या पाचांपैकी चार धाग्यांची वाहतूक उलटी असते. खालून वर अहवालच अहवाल जात असतात आणि वरचा साहेब त्यातून काहीतरी अर्थ लावतो. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला हे दोनदा समजावून सांगावं लागलं नाही.

दाणा या नसेवर चिकटवला जायचा. तो जाणारे अहवाल वाचायचा, नाडीशी आणि घामाशी ताडून बघायचा, आणि खावंसं वाटलं की ते पोटातून आलंय की दुसरीकडून, हे कानातल्या बटणातून सांगायचा. त्याच्याकडे आठ कप्पे होते. भूक, तहान, थकवा, कंटाळा, राग, भीती, लाज आणि दुःख.

"आनंद नाही?" चौगुल्यांनी विचारलं.

"चाचण्यांत आनंदानं खाणारे फार थोडे निघाले," बाई म्हणाल्या. "वेगळा कप्पा करण्याइतके नाहीत."

शस्त्रक्रिया ठीक झाली. पंधरा दिवस पातळ, पंधरा दिवस मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात. घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, चार-पाच चमच्यांत जेवण संपलं. याच चाळीस दिवसांत दाण्याला शिकवायचं होतं. खावंसं वाटलं की आपल्याला नेमकं काय होतंय याची फोनवर नोंद करायची, म्हणजे हा माणूस रागावतो तेव्हा नसेत काय होतं, हे दाण्याला कळत जाणार. चौगुल्यांनी दोनशे बारा नोंदी केल्या. दोनशे बाराही 'भूक'.

दवाखान्यातून तंत्रज्ञाचा फोन आला. "साहेब, तुम्हाला भूक लागणं शक्य नाही. ती तयार करणारा भाग आमच्याकडं बरणीत आहे."

मग नोंदींचं काम वृषालीनं हातात घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची. पेपर तपासता तपासता ती नवऱ्याच्या तोंडाकडे एक नजर टाकायची आणि लिहायची. राग. भीती. राग. लाज. राग.

"एवढा राग कुणावर आहे माझा?"

"त्याची वेगळी यादी करावी लागेल," ती म्हणाली.

दाणा आठवड्याभरात तयार झाला. तिच्या नोंदी शंभरात एक्याण्णव वेळा बरोबर होत्या, असं तंत्रज्ञानं कळवलं. एवढं त्यांना अजून कुणाच्याच बायकोकडून मिळालं नव्हतं.

त्यानंतर चौगुल्यांच्या आयुष्यात ज्या गोष्टींना आजवर जेवण म्हणत, त्यांची खरी नावं एकेक करून कळू लागली. अधीक्षक अभियंत्यांच्या आढावा बैठकीत मध्ये बिस्किटांची बशी असते. चौगुल्यांचा हात तिकडे गेला की आवाज यायचा, "ही भीती आहे." वीस वर्षं त्या बैठकीत त्यांनी भीतीच चहात बुडवून खाल्ली होती. चोवीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी कधी भांडले नव्हते आणि याचं श्रेय नातेवाईक त्यांच्या स्वभावाला देत. ते शेव-चिवड्याच्या डब्याला द्यायला हवं होतं. एका संध्याकाळी त्या डब्यापाशी उभे असताना कानात "हा राग आहे" असं आलं, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत आले आणि म्हणाले, "वृषाली, मला तुझा राग आलाय."

तिनं पेन खाली ठेवलं. "कशाचा?"

"ते हा सांगत नाही."

मग दोघांनी मिळून शोधलं. दीड तास लागला. २०२९ सालच्या महाबळेश्वरच्या सहलीपर्यंत मागं जावं लागलं. संपलं तेव्हा दोघांचे आवाज बसले होते.

"चिवडा बरा होता," वृषाली म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण बोललास ते बरं झालं."

मे महिना लागेपर्यंत सदतीस किलो गेले. भेटेल तो त्यांचं अभिनंदन करायचा, नाहीतर आवाज उतरवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारायचा. जे गेलं त्याबद्दल सांत्वन करायला मात्र कुणी आलं नाही. एकदा ते मिठाईच्या दुकानात पाहुण्यांसाठी पेढे घ्यायला गेले आणि काचेमागच्या खव्याच्या पोळ्यांकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. "हे दुःख आहे," कानातली बाई म्हणाली. "जवळच्या व्यक्तीशी बोलावं." सगळ्यात जवळची व्यक्ती काचेपलीकडे पेढे तोलत होती. चौगुल्यांनी तिला अर्धा किलो सांगितले.

हे सगळं अंगवळणी पडत चाललं होतं. राहिली होती एकच गोष्ट, आणि ती तासगावला राहत होती.

उज्ज्वलाअक्का त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा चौगुले नऊ वर्षांचे होते आणि अक्का सतरा. वडील एसटीत चालक, आठवड्यातले चार दिवस बाहेर. तेव्हापासून भावाला वाढवलं ते अक्कानं, आणि वाढवलं म्हणजे खरोखरच किलोकिलोनं. बहीणभावांत पंचेचाळीस वर्षांत झालेलं सगळं बोलणं 'अजून घे' आणि 'बास' एवढ्यात मावण्यासारखं होतं, आणि त्यातला 'बास' चौगुल्यांनी फारसा वापरला नव्हता. आईबद्दल दोघं कधी बोललेच नव्हते.

शस्त्रक्रिया झाली हे अक्काला सांगणं भागच होतं. कसली, ते सांगणं चौगुल्यांना जमलं नाही. जिनं ते पोट भरलं, तिला ते कापून टाकलं असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी हर्निया सांगितला. अक्कानं डिंकाच्या लाडवांचे तीन डबे पाठवले. पाटबंधारे खात्यानं ते आवडीनं खाल्ले. त्यानंतर तासगावला जायचं चौगुले टाळतच राहिले. कधी कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन होतं, कधी लेखापरीक्षण, कधी नुसतं ऊन.

त्यातच त्यांच्या मुलीचं, ओवीचं, लग्न ठरलं आणि केळवणं सुरू झाली. लग्नाआधी जवळच्यांनी नवरीला आईवडिलांसकट घरी जेवायला बोलवायचं, ही रीत यंत्रयुगातही टिकून आहे. बाकीच्या आठ घरी वृषालीनं 'यांचं पथ्य चालू आहे' असं सांगून निभावून नेलं. नववा फोन तासगावचा होता.

"रण्या, रविवार धरलाय मी."

"अक्का, एवढ्या उन्हात कशाला दगदग—"

"अक्षय्य तृतीयेला आला नाहीस. आंब्याचा डबा पाठवला, तो परत आला. रिकामा. आपल्यात डबा रिकामा पाठवतात काय रे?"

"गडबडीत राहिलं असेल."

"माझ्या हातचं नको झालं असंल तर तसं सांग. रविवारी येऊन नीट ताटभर जेवलास तर मी लग्नाला येईन. नाहीतर हळदीला दुसरी आत्या बघा."

"दुसरी आत्या कुठनं आणू?"

"ते तुम्ही बघा," असं म्हणून अक्कानं फोन ठेवला.

चौगुल्यांच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. ओवीला आत्या एकच होती. आणि ताटभर जेवण आता चौगुल्यांच्या पोटात मावणार नव्हतं.

"बाबा, सरळ सांगून टाक ना आत्याला," ओवी म्हणाली.

"सांगणार आहे."

"कधी?"

"जेवण झाल्यावर."

"जेवण होणार कसं?"

वृषालीनं हिशेब मांडला. पोट दीडशे मिलिलिटर, अक्काचं ताट कमीत कमी बाराशे. फरक ओवीच्या ताटात कसा सरकवायचा याची त्यांनी शनिवारी घरच्या टेबलावर तालीम केली. आमटीच्या वाटीशी दोनदा अडकली, पण पोळी जमली.

रविवारी तासगावला पोचल्यावर दिसलं की अक्कानं ओवीला आणि वृषालीला एका बाजूला बसवलंय, आणि चौगुल्यांचा पाट समोर, एकटा, भोवती रांगोळी. तालीम तिथंच संपली. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, साधा भात, बटाट्याची भाजी, कुरडया, भजी, शेजारी तुपाची वाटी. अक्का स्वतः बसली नव्हती. ती चौगुल्यांसमोर चार फुटांवर पोळ्यांचा डबा घेऊन उभी होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती.

चौगुल्यांनी पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि चावायला सुरुवात केली.

"दात दुखतोय?" अक्का म्हणाली.

"नाही."

"मग म्हशीगत काय रवंथ करायलायस?"

"अक्का, यांना पथ्य—" वृषाली म्हणाली.

"तू जेव गं बाई. मी माझ्या भावाशी बोलतेय."

दुसरा घास. तिसरा. ताटात पोळी होती तेवढीच दिसत होती. "ही भीती आहे," कानातला आवाज म्हणाला. अक्कानं पोळीवर तूप ओतलं. चौथा घास. "ही लाज आहे." पाचव्या घासाला चौगुल्यांच्या कपाळावर घाम आला आणि छाती धडधडू लागली. ही भावना नव्हती. केळ्याएवढ्या पोटातून गूळ तसाच पुढं आतड्यात घसरला की असं होतं, हे डॉ. पटवेगार बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वीस मिनिटं आडवं पडलं की जातं. पण हे अक्काला माहीत नव्हतं.

तिच्या हातातला डबा खाली गेला. ती ताटासमोर तशीच जमिनीवर बसली.

"रण्या," ती म्हणाली, "तुला आईचं झालंय."

वृषालीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"मला खोटं सांगू नको आता. हर्नियाला माणूस असा निम्मा होत नाही. आईचं पण असंच झालं होतं. तू लहान होतास, तुला नाही आठवायचं. आधी दोनाची एक पोळी झाली. मग भात नको. मग नुसती आमटी. विचारलं की म्हणायची, पथ्य आहे. मी रोज तिचं ताट बघायचे. रोज थोडं थोडं उरायचं." तिनं पदर तोंडाला लावला. "तू यायचा बंद झालास तेव्हाच मला कळलं. म्हणून म्हटलं, समोर बसवून बघावं, किती जातंय."

"हे दुःख आहे," आवाज म्हणाला. "जवळच्या व्यक्तीशी बोलावं."

चौगुल्यांनी तोंडातला घास बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि बोलले.

"अक्का, मला काही झालेलं नाही. मी पोट काढून घेतलंय."

"काय?"

"पोट. पाचातले चार भाग. मुद्दामच. मिरजेला."

"का?"

"वजन कमी करायला."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग वृषालीकडे. वृषालीनं मान हलवली. मग ओवीकडे. "खरं आहे आत्या," ओवी म्हणाली. "बाबाला भूकच लागत नाही आता. पाच चमचे खातो."

"नुसतं वजनासाठी?"

"नुसतं वजनासाठी."

"आईचं नाही?"

"नाही. सगळ्या तपासण्या झाल्यात. साखर पण उतरलीय."

"मग हर्निया कशाला सांगितलास, मुडद्या?"

चौगुल्यांनी घाम पुसला. "तुला वाटलं असतं, तुझ्या जेवणामुळं कापायची पाळी आली."

"आली का?"

हा प्रश्न इतक्या सरळ आवाजात आला की चौगुल्यांना खोटं सुचलं नाही. "थोडी तुझ्यामुळं," ते म्हणाले. "मी रडायला लागलो की तू काहीतरी खायला द्यायचीस. अक्का, आई गेल्यावर मी रडल्याचं मला आठवतच नाही. शिरा खाल्ल्याचं आठवतंय."

"मग काय करणार होते मी?" अक्का म्हणाली. "सतरा वर्षांची होते. रडणाऱ्या पोराला काय बोलतात ते मला कुणी शिकवलं होतं? तोंडात घास असला की रडता येत नाही, एवढं मला कळलं होतं. मी पण तेच करायचे." तिनं नाक पुसलं. "आणि तू जेवायचास. जेवणारं माणूस मरत नाही, असं वाटायचं मला. तू तिसरी पोळी घेतलीस की मला रात्री झोप यायची."

चौगुले रडले. पंचेचाळीस वर्षं अडवलेलं पाणी एकदम सुटावं तसं झालं असणार, पण खात्यातला माणूस असल्यामुळं त्यांनी ते फार आवाज न करता केलं. अक्कानं सवयीनं भज्यांच्या ताटलीकडे हात नेला, मग तो परत घेतला, आणि त्याचं काय करावं ते न कळून भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

"बास का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"अजून थोडं."

"रड."

धडधड हळूहळू ओसरली. मग कानातला आवाज म्हणाला, "नोंद कुठल्याही कप्प्यात बसत नाही. आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा." चौगुल्यांनी बटण काढून खिशात टाकलं.

"लग्नाला येशील ना?"

"म्हणजे काय, येणार नाही?" अक्का म्हणाली. "आणि पुरणाचा घाट यापुढं बंद. वाटायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून माझी कंबर धरते. तुला लागतंय म्हणून करत होते इतकी वर्षं."

"मला लागत नव्हतं. तू केलंस म्हणून खात होतो."

वृषालीनं चष्मा काढून पुसला. "हे दोघांनी तीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू गणित शिकव," अक्का म्हणाली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एकाएकी हसायला लागली होती. "वजनासाठी. आणि मी इकडं देवीला सांगून बसले. रण्या बरा होईपर्यंत भात खाणार नाही. तीन महिने भाकरीवर आहे मी. तुझे दाजी म्हणतात, तू पण वाळलीस."

"आता खा की मग," चौगुले म्हणाले. "मी बराच आहे."

अक्का हात धुऊन आली. ओवीनं तिला ताट वाढलं. मधोमध वाफाळत्या भाताची मूद, त्यावर आमटी. चौगुल्यांनी आपला पाट सरकवून तिच्या शेजारी घेतला आणि पाण्याचा तांब्या तिच्या उजव्या हाताला ठेवला. तीन महिन्यांनी भात कालवताना अक्कानं घाई केली नाही. पहिला घास तिनं डोळे मिटून खाल्ला, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिनं सावकाश डोळे उघडले.

आमटीत मीठ नव्हतं. वृषालीनं आणि ओवीनं ताटात वाढलेलं मीठ केव्हाच गुपचूप आमटीत कालवून घेतलं होतं.